बारसे की बारावे?

गेल्या मृगात आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला. वादाचा विषय होता एक किडा; वादी-प्रतिवादी होत्या आमची पुतणी आणि आमच्या आत्याबाई. पुतणी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. सुट्टीस ती आली ती पुस्तकांऐवजी प्लास्टिकचे वीसेक पेले घेऊन. घरामागच्या माळावर तिने ते पेले, तोंड जमिनीशी बरोबर येईल अशा बेताने, पुरून ठेवले. पावसाचे पाणी शिरू नये म्हणून प्रत्येकावर दगडांच्या आधाराने एकेक कौल टेकविले. आणि रतीब घालणाऱ्या गवळ्याच्या नियमितपणाने ती रोज सकाळी त्यांची फेरी करू लागली. रात्री जमिनीवर हिंडणारे भुंगेरे धावता धावता त्या पेल्यांत पडतात आणि गुळगुळीत भिंतीवरून त्यांना वर चढता येत नाही. अशा रीतीने सापडलेल्यांपैकी एक, तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठा, मातकट तपकिरी रंगाचा, तिने एका लहान बाटलीत सोडला. बाटलीच्या बुडाशी औषधाचा कापूस होता. थोड्याच वेळात त्याचे पाय थांबले.

आत्याबाई ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "मारलंस का गं त्याला?"

"त्याचं नाव शोधायचंय, आत्याआजी. जिवंतपणी नाही कळत. कदाचित अजून कुणी त्याला नाव दिलेलंही नसेल."

"म्हणजे बारसं करायला मारलंस?" आत्याबाईंनी वात बाजूस ठेवली. "आमच्यात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी नाव ठेवतात. तुझ्या शास्त्रात बारसं आणि बारावं एकाच दिवशी उरकतात होय?"

आम्ही मोठ्याने हसलो. पुतणीही हसली, पण तिच्या हसण्यात थोडा ओशाळेपणा होता, आणि तो पाहून आमचे हसू लवकरच विरले. कारण आत्याबाईंच्या बोलण्यात विनोद होता तसा एक प्रश्नही होता. ज्याचे नाव आपणांस ठाऊक नाही त्यास नाव देण्यासाठी त्याचा जीव घ्यावा काय? ज्ञानाची हौस हे हिंसेस पुरेसे कारण आहे काय? आणि मुळात हे नाव देणे म्हणजे तरी काय? मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांच्यामध्ये अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने माणूस जगात येतो आणि दुसऱ्याने तो जगातून उठतो. त्या मात्रेच्या अलीकडे आपण कोठवर आहोत आणि पलीकडे केव्हा जातो, हे वाटते तितके स्पष्ट नाही.

प्रथम नाव देण्याची रीत कशी असते ते सांगितले पाहिजे. ती ठाऊक नसता तिच्यावर नीतीचा निकाल देणे म्हणजे फिर्याद न वाचता शिक्षा सांगणे होय. ज्या कुळातील हा भुंगेरा त्या कुळास शास्त्रज्ञ कॅराबिडी म्हणतात. जमिनीवर धावणारे, बहुधा रात्री शिकार करणारे, दगडाखाली व पाचोळ्याखाली दिवस काढणारे असे हे लोक आहेत. आपण त्यांना भुईभुंगेरे म्हणू. आजवर त्यांच्या सुमारे ४०,००० जातींना नावे मिळालेली आहेत. आपल्या माळांवर पावसाळ्यात दिसणारा मोठा काळा भुंगेरा, ज्याच्या पाठीवर शुभ्र असे सहा ठिपके असतात, तो यांतलाच. दोन ठिपके मानेमागच्या ढालीवर आणि चार पंखांच्या कवचावर. त्यास १७७५ साली योहान ख्रिस्तियान फाब्रिसियुस या डॅनिश पंडिताने नाव दिले, आणि त्या नावाचा अर्थही 'सहा थेंबांचा' एवढाच आहे. फाब्रिसियुसाने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. टाचणीला टोचलेला एक मृत देह त्याने पाहिला, आणि तो पाहून आपल्या माळावरच्या एका रहिवाशाचे बारसे केले.

तथापि असे ठिपके सर्वांच्या नशिबी नसतात. पुष्कळसे भुईभुंगेरे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत इतके सारखे असतात, आणि त्यांना वेगळे करावयाचे तर भिंगाखाली धरून हिशेब मांडावा लागतो. डोळ्याच्या वर ताठ केस एक आहे की दोन? पंखकवचावरच्या रेघा किती, आणि त्यांच्यात ठिपके खोल आहेत की उथळ? पुढच्या पायाच्या नळीवर जी खाच असते, जिच्यातून ओढून हे प्राणी आपल्या मिशा स्वच्छ करतात, ती कोठे आहे? नराच्या पुढच्या पावलाखाली चिकट केसांच्या गादीची रचना कशी आहे? एवढ्यानेही भागले नाही म्हणजे नराच्या उदरात दडलेला एक लहानसा वाकडा कठीण अवयव काढून पाहावा लागतो. कित्येक जातींचा निर्णय केवळ त्याच्या आकारावर होतो. हे सर्व धावत्या किड्यावर होणे शक्य नाही. म्हणून तो मारावयाचा, त्याच्या उजव्या पंखकवचातून टाचणी घालावयाची, आणि फारच लहान असला तर कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवावयाचा. खाली चिठ्ठी लावावयाची: ठिकाण, तारीख, गोळा करणाराचे नाव. जात खरोखरीच नवी निघाली तर एका देहास त्या नावाचा धनी ठरवून त्यास लाल चिठ्ठी लावतात. २००० सालापासून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, कोणता नमुना नावाचा धनी हे स्पष्ट सांगितल्यावाचून नवे नाव ग्राह्यच धरले जात नाही.

छायाचित्रावर का भागवू नये, असे कोणी विचारील. तसा प्रयत्न झालेला आहे. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतील एका माशीस केवळ छायाचित्रांच्या आधारे नाव देण्यात आले, आणि त्यावरून शास्त्रज्ञांत मोठे भांडण माजले. ज्या प्राण्याची ओळख रंगावर पटते त्याच्या बाबतीत ते चालेलही. परंतु ज्याची ओळख त्याच्या उदरात दडली आहे, त्याचे छायाचित्र म्हणजे बंद पाकिटाचे छायाचित्र होय.

आता येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. नाव जातीचे असते, परंतु ते टांगलेले असते एका व्यक्तीवर. तीही जातीतील सर्वोत्तम किंवा सर्वसाधारण अशी व्यक्ती नव्हे, तर योगायोगाने प्रथम हाती लागलेली. आमच्या प्राचीन वैयाकरणांस हा घोळ चांगला परिचयाचा होता. 'गाय' या शब्दाने काय सांगितले जाते? समोरची ही एक गाय की सर्व गाईंत असणारा गोपणाचा आकार? व्याडि म्हणे, द्रव्य, म्हणजे ही व्यक्ती. वाजप्यायन म्हणे, आकृती. कात्यायनाच्या वार्तिकांत दोघांचीही मते आली आहेत. आमच्या पुतणीच्या शास्त्राने हा वाद मोठ्या व्यवहारचातुर्याने मिटविला आहे. नाव व्याडीच्या मताने द्यावयाचे आणि वर्णन वाजप्यायनाच्या मताने करावयाचे. वर्णन उद्या चुकीचे ठरले तरी लाल चिठ्ठीचा तो देह पेटीत असतोच. पुढचा अभ्यासक त्यास पुन्हा भिंगाखाली घेतो आणि मागल्याची चूक दुरुस्त करतो. वर्णन खोटे निघू शकते, देह खोटे बोलत नाही.

वर्णन चुकते कसे, हेही आमच्या नैयायिकांनी सांगून ठेवले आहे. लक्षणाचे दोष तीन. 'गाय म्हणजे तांबूस वर्णाची' म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगे असलेली' म्हटले तर म्हैस आत शिरते, ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे एका अखंड खुराची' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. अन्नंभट्टाच्या दीपिकेतील हे उदाहरण पाठशाळेतील विद्यार्थी पिढ्यान्पिढ्या घोकीत आले. भुईभुंगेऱ्यास ते लावून पाहावे. 'रात्री जमिनीवर धावणारा काळा' म्हणावे, तर दिवसा हिंडणारे, झाडावर राहणारे आणि हिरव्यागार झळाळीचे त्याचेच भाऊबंद बाहेर राहतात. 'पाठीवर कठीण कवच असलेला' म्हणावे, तर जगातील झाडून सारे भुंगेरे आत येतात. मागच्या पायाचे मूळ पोटाच्या पहिल्या पट्टीस मधोमध चिरून जाते, हे लक्षण पुष्कळ बारकाईचे. पण त्यातही पाण्यात पोहणारे भुंगेरे घुसतात. अखेर एकाच लक्षणाने काम होत नाही. पाचसात खुणांची मोट बांधावी लागते. आणि ओळखीची जी पुस्तके असतात त्यांत तर जातीचे वर्णन करण्याऐवजी नकाराचीच परंपरा असते. हे नाही ना? मग पुढे जा. तेही नाही ना? मग आणखी पुढे. सर्व नकार संपल्यावर जे उरते ते त्याचे नाव. दिङ्नागाचा अपोहवाद, म्हणजे 'गाय' शब्दाचा अर्थ केवळ 'जे गाय नाही ते वगळणे' एवढाच, हे मत महाविद्यालयात असताना आम्हांस अगदी कोरडा शब्दच्छल वाटले होते. पुतणीला त्या पुस्तकाची पाने उलटताना पाहून प्रथमच वाटले की, हा बौद्ध आचार्य काही वावगे बोलत नव्हता.

मोठमोठ्यांची फसगत कशी होते याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. दक्षिण हिंदुस्थानातील झुडपी रानांत एक झुरळ असते. ते काळे असून पाठीवर पांढरे ठिपके वागविते. सहा ठिपक्यांचा आमचा भुंगेरा डिवचला असता दाहक द्रव फवारतो, त्यामुळे त्याच्या वाटेस सहसा कोणी जात नाही. त्याचा वेष घेऊन हे झुरळ आपला बचाव करते असे मानतात. १७५८ साली वर्गीकरणाचा आद्य आचार्य लिनिअस याने ह्या झुरळास भुंगेऱ्यांच्याच एका गणात बसविले! पाखरांना फसविण्यासाठी केलेल्या सोंगाने उप्साला येथील पंडितही फसला, याबद्दल त्या झुरळाने अभिमान बाळगावयास हरकत नाही.

मग या जाती, ही कुळे, हे गण खरोखर सृष्टीत आहेत की केवळ आमच्या कपाटांत? आत्याबाईंच्या प्रश्नाशी याचा निकट संबंध आहे. जात ही जर केवळ आमच्या सोयीची कल्पना असेल, तर कल्पनेसाठी खरा जीव घेतला असे होईल. आणि त्याचे समर्थन करणे फार अवघड. कुळांच्या बाबतीत तर संशयास भरपूर जागा आहे. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत १९१२ साली फाउलर याचा जो खंड निघाला, त्यात वाघभुंगेरे हे एक स्वतंत्र कूळ आणि मुंग्यांच्या वारुळात राहणारे पॉसिडी हे दुसरे स्वतंत्र कूळ होते. पुढे अँड्र्यूज याने भुईभुंगेऱ्यांवर १९२९ आणि १९३५ साली दोन खंड लिहिले. आज पॉसिडींचे स्वतंत्र घर मोडले असून त्यांना भुईभुंगेऱ्यांच्या कुळातच एक खोली मिळाली आहे. वाघभुंगेऱ्यांचे तर विचारूच नका. कोणी त्यांना आत घेतले, आणि अलीकडे डीएनएच्या पुराव्यावरून कित्येकांनी त्यांना पुन्हा वेगळे काढले. एकत्र कुटुंबातील वाटण्यांसारखा हा प्रकार आहे. भिंती मोडतात, भिंती उभ्या राहतात, भांडी त्याच फडताळात असतात.

परंतु कूळ आणि जात यांत भेद आहे. कूळ कोठे तोडावे हे पंडित ठरवितात; जात मात्र, निदान पुष्कळ अंशी, ते प्राणीच ठरवितात. कोण कोणाशी जुगते आणि कोणाची संतती पुढे चालते, हे आमच्या संमतीवर अवलंबून नाही. शिवाय कित्येक भुईभुंगेऱ्यांची पंखकवचे जुळून एक झालेली असतात आणि खालचे पंख नाहीसे झालेले असतात. त्यांना उडता येत नाही. एका डोंगरावरचा भुंगेरा मधली दरी ओलांडीत नाही. एका बेटावरचा दुसऱ्या बेटावर जात नाही. हजारो वर्षे असे गेले म्हणजे डोंगरागणिक, बेटागणिक निराळी जात उभी राहते, आणि ती तेवढ्या टापूत असते, बाकी पृथ्वीवर कोठेही नसते. अशा जातीबद्दल 'ही कल्पना आहे' असे म्हणणे म्हणजे शेजारच्या आळीत आपण कधी गेलो नाही म्हणून तेथील माणसे कल्पित आहेत असे म्हणण्यासारखे आहे.

या ठिकाणी न्यूझीलंडमधील एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या देशाच्या दोन मोठ्या बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीपाशी स्टीफन्स नावाचे एक चिमुकले बेट आहे. माओरी लोक त्यास ताकापोरेवा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तेथे दीपगृह बांधले गेले, माणसे आली, मांजरे आली, गुरांसाठी रान तोडले गेले. तेथील एका लहानशा पक्ष्यास १८९४ साली शास्त्रात नाव मिळाले, आणि थोड्याच काळात तो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पक्ष्यांच्या वाट्यास शोक करणारे मिळतात. पण त्याच बेटावर एक मोठा, न उडणारा भुईभुंगेराही होता. थॉमस ब्राउन नावाच्या एका निवृत्त लष्करी गृहस्थाने न्यूझीलंडमधील भुंगेऱ्यांच्या हजारो जातींचे वर्णन करण्यात आयुष्य घालविले होते. १९१९ साली तो वारला. या भुंगेऱ्याचे त्याने केलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १९२१ साली, छापून निघाले. म्हणजे येथे भुंगेऱ्याच्या बारशापूर्वी नाव ठेवणाराचेच बारावे होऊन गेले होते. आणि १९३१ नंतर तो भुंगेरा कोणासही दिसलेला नाही. शोध पुष्कळांनी घेतला.

नाव मिळाल्याने तो वाचला नाही, हे उघड आहे. मग नावाचा उपयोग काय झाला, असे आत्याबाई विचारतील. आम्ही या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. आम्हांस असे वाटते की, नाव हे तारक नसते, पण त्याच्यावाचून हरवणेही शक्य होत नाही. जे कधी नोंदलेच गेले नाही ते हरपले असे म्हणता येत नाही. ते नुसते नसते. गावच्या दफ्तरात ज्याचे नाव नाही त्याचे घर पुरात वाहून गेले तर नुकसानभरपाईचा अर्ज कोणी कोणाच्या नावाने करावा? स्टीफन्स बेटावरचे रान तोडताना ज्यांना नावे नव्हती असे आणखी किती जीव गेले असतील, त्यांच्याविषयी एक ओळही आज कोणास लिहिता येत नाही.

याची दुसरी बाजू मात्र सांगितली पाहिजे. कारण नाव हे नेहमीच उपकार असते असे नाही. स्लोव्हेनियातील गुहांत एक आंधळा, फिकट तपकिरी भुईभुंगेरा राहतो. १९३३ साली तो सापडला आणि १९३७ साली ओस्कार शायबेल याने त्यास ॲडॉल्फ हिटलरचे नाव दिले. त्या नावाचा मनुष्य गेला, त्याने केलेला संहार जगाने पाहिला, पण नाव तसेच आहे; कारण नाव अप्रिय झाले म्हणून ते बदलावे अशी सोय नामकरणाच्या नियमांत नाही. आणि परिणाम असा की, त्या नावाच्या कुतूहलापायी काही हौशी लोक हा भुंगेरा मोठी किंमत देऊन विकत घेतात, आणि त्यांच्यासाठी गुहेत शिरून चोरटे त्यास पकडून नेतात. ज्यास डोळे नाहीत, ज्याने उजेड पाहिला नाही, त्याने बर्लिनमधील एका माणसाच्या कीर्तीचे प्रायश्चित्त भोगावे, यापेक्षा विपरीत न्याय कोणता? येथे त्या एका मात्रेचे अंतर पूर्णपणे पुसले गेले आहे. तो बिचारा निनावी राहता तर सुखी राहता.

आता हिंसेचा मुद्दा. त्यावर सहज सुचणारे उत्तर असे की, पावसाळ्याच्या एका रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली जेवढे किडे मरतात, किंवा एका शेतावर औषध फवारले असता जेवढे मरतात, त्यांच्यापुढे पुतणीची बाटली ती काय? हे उत्तर आम्हीही प्रथम दिले. परंतु ते खोटे उत्तर आहे. दुसरा अधिक मारतो म्हणून माझे मारणे निर्दोष ठरत नाही. शिवाय जैन आचारशास्त्रात हिंसेचे जे चार प्रकार सांगितले आहेत ते लक्षात घेतले तर हे उत्तर आमच्यावरच उलटते. स्वयंपाक, झाडलोट यांत होते ती आरंभी. चरितार्थाच्या व्यवसायात होते ती उद्योगी. आक्रमकाशी झगडताना होते ती विरोधी. आणि मनात योजून, या जीवास मारावयाचे असे ठरवून केली जाते ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थास सर्वस्वी टाळता येत नाहीत. चौथी त्याने टाळलीच पाहिजे. दिवा आणि शेत ही फार तर पहिल्या तिहींत बसतील. पुतणीची बाटली चौथीत बसते. संख्येने ती कितीही लहान असो, प्रकाराने ती सर्वांत वरची आहे.

उपयुक्ततेचे समर्थनही आम्हांस पटत नाही. काही भुईभुंगेऱ्यांच्या अळ्या मातीत शिरून पिके नासविणाऱ्या किड्यांची अंडी खातात, म्हणून शेतकऱ्याच्या हितासाठी त्यांना ओळखले पाहिजे, हे खरे आहे. पण ज्याने आयुष्यभर भुंगेऱ्यांच्या केसांची मोजदाद केली त्यास विचारा; शेतकऱ्याच्या हितासाठी तो भल्या पहाटे उठला नाही. तो उठला तो ओढीने. आणि त्या ओढीचे रूप नेहमीच सात्त्विक असते असेही नाही. डार्विनने आत्मचरित्रात आपली फजिती प्रांजळपणे सांगितली आहे. केंब्रिजला असताना झाडाची साल सोलता सोलता त्यास दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले, ते त्याने एकेका हातात धरले. इतक्यात तिसरा, अगदी नवा, दिसला. तो सोडवेना म्हणून त्याने उजव्या हातातला तोंडात टाकला! त्या प्राण्याने असा जळजळीत द्रव सोडला की जीभ भाजून निघाली, तो थुंकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. ही जिज्ञासा की हाव? आमच्या मते त्या क्षणी तरी दोहोंत फरक नव्हता.

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. महाविद्यालयात असताना दोन पावसाळे आम्हीही भुंगेरे गोळा केले होते. लाकडी पेटी केली होती, आत बूच लावले होते, टाचण्या मुंबईहून आणविल्या होत्या. मित्र येत, पेटी उघडून पाहत, वाहवा करीत. चिठ्ठ्या मात्र आम्ही लावल्या नाहीत. कोणता कोठे सापडला हे आपल्या लक्षात राहीलच, असा तरुणपणचा भरवसा होता. पुढे परीक्षा आल्या, नोकरी आली, पेटी माळ्यावर गेली. पुष्कळ वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली तेव्हा आत चाळीसेक टाचण्या होत्या, आणि प्रत्येकीच्या खाली चिमूटभर पूड. मृत किड्यांवर जगणाऱ्या एका बारीक भुंगेऱ्याने आमचे सारे भुंगेरे खाऊन टाकले होते. आम्ही ती पूड अंगणात झटकली आणि पेटीत बटणे ठेवू लागलो.

त्या चाळीस जिवांचे काय? त्यांना नाव मिळाले नाही, त्यांचे स्थळ राहिले नाही, काळ राहिला नाही. त्यांच्या मरणाने कोणास काही कळले नाही. पुतणीची बाटली पाहून आत्याबाईंनी जो प्रश्न केला तो आम्हांस का बोचला, हे आम्हांस पुढे उमगले. प्रश्न तिला होता, आरोपी आम्ही होतो.

आमचे मत येथवर आले आहे, आणि ते आम्ही वाचकांपुढे भीत भीतच ठेवतो. नाव देण्यासाठी जीव घेणे हे निर्दोष कधीच होत नाही. जे तसे म्हणतात ते पेटीकडे पाहतात, बाटलीकडे पाहत नाहीत. ते एक ऋण आहे. देवऋण, पितृऋण, ऋषिऋण ही जन्माबरोबर अंगावर येतात. हे आपण होऊन काढलेले कर्ज आहे, म्हणून त्याची फेड अधिक कसोशीने केली पाहिजे. चिठ्ठी हा त्या फेडीचा पहिला हप्ता. जपणूक हा दुसरा. तिसरा आणि सर्वांत मोठा म्हणजे जे पाहिले ते चोख लिहून दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, म्हणजे तोच जीव पुन्हा कोणास घ्यावा लागणार नाही. या दृष्टीने आपल्या देशाची एक अडचण आहे. आपल्याकडील कित्येक भुंगेऱ्यांच्या नावांचे धनी लंडन, पॅरिस अशा दूरच्या शहरांत आहेत. माळ येथे, भुंगेरा येथे, अभ्यासक येथे, आणि ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तो देह समुद्रापार. १९१६ पासून आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने नवीन जातींचे नमुने देशातील नेमून दिलेल्या संग्रहांत ठेवणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. पण त्यापूर्वी गेले ते गेले. आणि ताडून पाहता न आल्यामुळे एकाच जातीसाठी दोनदोनदा, तीनतीनदा टाचण्या टोचल्या जातात, त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा?

आणि किती जातींची मोजदाद व्हावयाची राहिली आहे! टेरी अर्विन हा भुईभुंगेऱ्यांचाच एक मोठा अभ्यासक. त्याने पनामातील १९ झाडांवर, सर्व एकाच जातीच्या, विषाचा धूर सोडला, खाली पडलेले भुंगेरे मोजले, आणि १९८२ साली हिशेब मांडला की उष्ण कटिबंधात किड्यांच्या व तत्सम प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात. पुढील अभ्यासकांनी हा आकडा पुष्कळ खाली आणला. तरीही जे उरते ते छाती दडपविणारे आहे. त्या सर्वांचे बारसे कोण करणार, आणि त्याकरिता किती बाटल्या लागणार, हा विचार मनात आला म्हणजे आत्याबाईंचे वाती वळणेच बरे वाटू लागते. पण राने तोडली जात आहेत, माळांवर इमारती उठत आहेत. पुतणीने पेले पुरले त्या माळाच्याही सीमेवर गेल्या वर्षी मोजणीचे दगड रोवले गेले.

श्रावण अर्धा उलटला असताना पुतणीचे पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात फोनवरचा मजकूर. त्या मातकट भुंगेऱ्याची ओळख पटली होती. तो नवा नव्हता. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या दुसऱ्या खंडात त्याचे वर्णन होते, केसांच्या संख्येसह. फक्त आपल्या जिल्ह्यातून त्याची नोंद तिला कोठे आढळली नाही, ती आता होईल. आम्ही ते आत्याबाईंना वाचून दाखविले.

"म्हणजे नाव होतंच की त्याला," त्या म्हणाल्या.

"होतं."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की, पुतणी जाताना कोनाड्यात जी दुसरी बाटली ठेवून गेली, झाकणाला भोके पाडलेली, तीत जो ठिपक्यांचा मोठा किडा आहे आणि ज्याला आपण रोज खिम्याचा कण घालतो, त्याचे नाव आहे ना? आम्ही म्हटले, आहे, अडीचशे वर्षांपासून आहे.

आत्याबाई उठल्या. बाटली घेऊन त्या मागच्या दारी गेल्या, झाकण काढून त्यांनी ती पायरीवर आडवी ठेवली आणि पदर सावरून दोन पावले मागे सरल्या. तो काही वेळ बाटलीच्या तोंडाशी थांबला, मिशा एकदा पुढच्या पायातून ओढून घेतल्या, आणि तुळशीवृंदावनाला वळसा घालून पावसात माळाकडे निघून गेला.